स्वस्त टीव्हीवरचं नाव नेमकं कुणाचं असतं?

मंडळी, आजचा विषय स्वस्त इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. म्हणजे ते टीव्ही, इअरफोन, चार्जर, पॉवरबँक वगैरे, जे घेताना आपण स्वतःलाच सांगतो की चालेल रे, तात्पुरतं आहे, आणि मग तीच वस्तू वर्षानुवर्षं वापरत बसतो. ब्रँडेड घ्या, स्वस्तातलं घेऊ नका, असला उपदेश मी करायला आलेलो नाही, कारण मुळात "ब्रँडेड" म्हणजे काय इथेच सगळा घोळ आहे.

एक काम करा. दुकानात टीव्ही बघाल तेव्हा पुढून बघू नका, मागे जा. मागे खाली कोपऱ्यात एक स्टिकर असतो, मॉडेल नंबर, व्होल्टेज, वॅट, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात दोनतीन ओळी. त्या ओळी वाचायच्या. बऱ्याच वेळा तिथे लिहिलेलं सापडतं की अमुक नाव हा अमुक कंपनीचा ट्रेडमार्क आहे, तमुक कंपनी तो लायसन्सवर वापरते, आणि वस्तू बनवली आहे तिसऱ्याच कुणीतरी. पुढे एक नाव, मागे तीन.

फिलिप्सचं घ्या. फिलिप्सने टीव्हीचा धंदा २०१२ मध्ये टीपीव्ही नावाच्या कंपनीबरोबर भागीदारीत टाकला आणि २०१४ मध्ये उरलेला हिस्साही देऊन टाकला, म्हणजे युरोपात फिलिप्स लिहिलेला टीव्ही घेतलात तर तो टीपीव्हीचा असतो. तोशिबाचा टीव्ही विभाग हायसेन्सने घेतला, २०१७ च्या शेवटी जाहीर झालं ते. ही निदान जिवंत माणसं आहेत म्हणा, मागे खरा कारखाना आहे, इंजिनियर आहेत. पण पोलरॉइडचं बघा. मूळ कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, मग नाव या हातातून त्या हातात फिरत राहिलं आणि एके काळी कॅमेऱ्यावर असलेलं ते नाव टीव्हीवर, टॅबलेटवर, हेडफोनवर दिसायला लागलं. नाव जुनं, ओळखीचं, आजोबांच्या काळातलं. आपण त्या ओळखीचे पैसे मोजतो आणि डब्यात असतं ते कुठलंही.

आता कारखान्याकडून बघू. तुर्कस्तानात मनिसा नावाचं शहर आहे, तिथे व्हेस्टेल कंपनीचा अवाढव्य कारखाना आहे, आणि युरोपात विकले जाणारे कितीतरी ब्रँडचे टीव्ही त्या एकाच ठिकाणी बनत आलेत. पॅनल, म्हणजे चित्र दिसतं तो पडदाच, तर त्याहूनही मोजक्या लोकांकडून येतं, बीओई, सीएसओटी अशी दोनचार नावं घेतली की बराचसा बाजार संपतो. त्यामुळे दुकानात दहा ब्रँड शेजारी शेजारी लावलेले असतात तेव्हा ती दहा घराणी नसतात, त्यातली निम्मी एकमेकांची चुलत भावंडं असतात आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असतंच असं नाही.

मग प्रश्न येतो की नाव जर बनवणाऱ्याचं नाहीये, तर ते आहे कुणाचं? माझं म्हणणं असं की स्वस्त वस्तूवरचं नाव म्हणजे वस्तू बिघडल्यावर दार कुणाचं ठोठवायचं त्याचा पत्ता, बाकी काही नाही. आणि तो पत्ता बहुतेक वेळा दुकानाचा असतो.

दुकानांनी हे फार पूर्वी ओळखलं. अमेरिकेत रेडिओशॅक होतं, १९२१ मध्ये सुरू झालेलं, त्यांचा रिअलिस्टिक नावाचा स्वतःचा ब्रँड होता, माल कुणाकडून तरी बनवून घ्यायचा आणि पाटी आपली. बेस्ट बायचा इन्सिग्निया, वॉलमार्टचा ऑन, अ‍ॅमेझॉनने २००९ मध्ये बेसिक्स काढलं, सगळे त्याच वाटेने गेले. ब्रिटनमध्ये आर्गोस नावाच्या दुकानांच्या मालकांनी २००८ मध्ये बुश हे जुनं रेडिओवालं नावच विकत घेऊन टाकलं. आणि सगळ्यात गमतीदार म्हणजे डिक्सन्स, तेही ब्रिटनमधलेच, ऐंशीच्या दशकात जपानी मालाची एवढी हवा होती की त्यांनी आपल्या घरच्या ब्रँडचं नाव ठेवलं मात्सुई! जपानशी संबंध फक्त नावापुरता, पण गिऱ्हाईक खूश.

आपण हसतो, पण मला विचाराल तर दुकानाचा घरचा ब्रँड हा त्यातल्या त्यात प्रामाणिक सौदा आहे, मात्सुईसारखी सोंगं सोडा. कारण वस्तू खराब निघाली तर लोक त्याच काउंटरवर येऊन उभे राहणार आणि तिथल्या माणसाला दुसरीकडे बोट दाखवता येत नाही. लायसन्सवाल्या ब्रँडमध्ये काय होतं, दुकान म्हणतं कंपनीला फोन करा, कंपनी म्हणते आम्ही फक्त नाव देतो, नाव घेणारा म्हणतो आमचं सर्व्हिस सेंटर दुसऱ्याकडे आहे. तुम्ही मध्ये चेंडू.

बरं, दुकानाला तरी स्वस्त टीव्ही विकून काय मिळतं? खरं सांगायचं तर टीव्हीवर फार थोडं. टीव्ही हे आमिष आहे. पैसा असतो केबलमध्ये, भिंतीला लावायच्या ब्रॅकेटमध्ये, आणि मुख्य म्हणजे वाढीव वॉरंटीमध्ये, म्हणून तर तो मुलगा बिल करताना तीन तीनदा विचारतो, त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं, त्याच्यावर चिडू नका. अमेरिकेतल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या साखळीने २००७ मध्ये काय केलं तर जास्त पगार घेणारे सुमारे ३,४०० सेल्समन एका फटक्यात काढले आणि त्यांच्या जागी कमी पगारावर नवी माणसं घ्यायचं ठरवलं. जास्त पगार कुणाला असतो, जुन्या जाणत्या माणसाला, ज्याला विचारलं की हा घेऊ का तो, तर खरं उत्तर देता यायचं. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००९ मध्ये सगळी दुकानं बंद. मंदी होती, इतरही कारणं होती, पण ज्या दुकानात माहिती देणारा माणूसच नाही त्या दुकानात जायचं कशाला, घरबसल्या मागवू की, असं गिऱ्हाइकाला वाटलं तर त्यात त्याची काय चूक.

आता तर पैशाची आणखी एक वाट निघालीये. व्हिजिओ नावाचा अमेरिकेतला बजेट टीव्हीचा ब्रँड, २००२ चा. २०२१ च्या एका तिमाहीत या कंपनीला टीव्ही विकून जेवढा नफा झाला त्याच्या दुपटीहून जास्त नफा टीव्हीवरच्या जाहिराती आणि बघणाऱ्यांच्या डेटामधून झाला. त्याआधी २०१७ मध्ये याच कंपनीने अमेरिकी सरकारच्या ट्रेड कमिशनबरोबर २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं, आरोप काय, तर १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक काय बघतात ते त्यांना न विचारता टिपलं. आणि २०२४ मध्ये ही कंपनी घेतली कुणी? वॉलमार्टने, २३० कोटी डॉलरला. म्हणजे दुकानदाराने टीव्हीचा ब्रँड घेतला तो टीव्हीसाठी नाही, तुमच्या घरात लावलेल्या जाहिरातीच्या फळीसाठी. त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन "बघण्याची माहिती" असं काही चालू असेल तर ते बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे.

मॉडेल नंबरबद्दल एक सांगून पुढे जातो. सेलच्या दिवसांत एखादा टीव्ही दिसतो, नाव मोठं, किंमत अशक्य. नंबर नीट बघा, शेवटी एखादं अक्षर वेगळं असतं. तो खास त्या सेलसाठी किंवा त्या एका दुकानासाठी काढलेला माल असतो, एखादा पोर्ट कमी, स्पीकर हलका, ब्राइटनेस कमी. नंबर वेगळा असल्यामुळे "शेजारी स्वस्त मिळालं तर फरक देऊ" ही दुकानाची योजनाही लागू होत नाही, कारण ते मॉडेल शेजारी नसतंच! हुशारी आहे की नाही.

आता स्वस्त करताना कात्री नेमकी कुठे लावतात ते बघू, मला स्वतःला हाच भाग सगळ्यात आवडतो. कात्री लावतात तिथे जिथे दुकानात उभं राहून दिसत नाही. स्क्रीन दिसते, म्हणून स्क्रीन झकास. स्क्रीनच्या मागच्या एलईडी पट्ट्या दिसत नाहीत. स्वस्त टीव्हीत थोडक्याच एलईडी टाकतात आणि त्यांच्यातून करंट जास्त सोडतात, म्हणजे दुकानात चित्र लख्ख दिसतं. त्या एलईडी एकामागे एक माळेत जोडलेल्या असतात, एक गेली की माळ विझते, आणि मग होतं असं की टीव्ही चालू होतो, आवाज येतो, पण पडदा काळा. अशा वेळी खोलीत अंधार करा आणि स्क्रीनला टॉर्च अगदी चिकटवून तिरका धरा, आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल शाबूत आहे, फक्त बॅकलाइट गेलाय, आणि चांगला मेकॅनिक पट्ट्या बदलून देतो, नवीन टीव्ही घ्यायची गरज नाही. आणि आधीच काळजी घ्यायची असेल तर घरी आणल्या आणल्या तो "व्हिव्हिड" मोड काढा आणि बॅकलाइट खाली आणा, डोळ्यालाही बरं.

दुसरी कात्री आकड्यांत. पॉवरबँकवर १०,००० एमएएच लिहितात, फोनची बॅटरी समजा ५,०००, म्हणून आपण धरतो की दोनदा फुल चार्ज होणार, आणि होत नाही. यात दर वेळी फसवणूकच असते असं नाही हां. तो आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टला. गुणाकार करा, ३७ वॉट-अवर. बाहेर यायला ते ५ व्होल्टला चढवावं लागतं, ३७ भागिले ५ म्हणजे ७,४०० एमएएच, त्यात उष्णतेत काही जातं, उरतं साधारण सहा-साडेसहा हजार. म्हणून एमएएच सोडा, डब्यावर वॉट-अवर शोधा. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतच बिनपरवानगी नेता येतं म्हणून नीट ब्रँड तो आकडा छापतातच, आणि एमएएचच्या हिशोबाशी तो जुळत नसेल तर तिथूनच परत फिरा. पॉवरबँकच्या आत असतात तसे सुटे १८६५० नावाचे सेल मिळतात त्यावर ९,९०० लिहिलेलं असतं, जेव्हा नावाजलेल्या कंपन्यांचे सेल साडेतीन हजाराच्या आसपास असतात. तिथे मात्र सरळ लबाडी आहे. मेमरी कार्डचंही तेच, वर १ टीबी, आत मूठभर जागा, आणि चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, फोटो कॉपी झालेले दिसतात आणि नंतर उघडतच नाहीत. कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघणारी फुकट प्रोग्राम आहेत, एफ३ किंवा एचटूटेस्टडब्ल्यू, परत करायची मुदत संपायच्या आत चालवायचे.

तिसरी कात्री चार्जरमध्ये, आणि इथे मी अजिबात गंमत करत नाही. चार्जरच्या आत एका बाजूला भिंतीतली वीज असते आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या हातातला फोन, मध्ये काही मिलिमीटर मोकळी जागा आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन. तेवढीच काय ती भिंत. चांगल्या चार्जरचा बोर्ड उघडलात तर ती जागा डोळ्यांना दिसते, काही वेळा मुद्दाम खाच पाडलेली असते. नकली चार्जरमध्ये जागा वाचवायला दोन्ही बाजू जवळ आणतात, इन्सुलेशन टेपचे थर वगळतात. यूएल ही तपासणी करणारी संस्था आहे, त्यांनी २०१६ च्या सुमारास ४०० नकली आयफोन चार्जर तपासले आणि इन्सुलेशनच्या चाचणीत पास झाले फक्त ३. नुसते स्वस्त नाही, नकली, हा फरक लक्षात ठेवा, दुकानाच्या घरच्या ब्रँडचा स्वस्त चार्जर या यादीत बसत नाही.

ऑनलाइनवर तर पत्त्याचाच पत्ता नाही. अ‍ॅमेझॉनवर ती विचित्र नावं बघितली असतील, सगळी कॅपिटल अक्षरं, उच्चारच करता येत नाही. त्याचं कारण साधं आहे, ब्रँड म्हणून तिथे नोंद करायची तर ट्रेडमार्क लागतो, आणि अर्थ नसलेलं नाव आधी कुणी घेतलेलं नसतं म्हणून ते पटकन मंजूर होतं. माल वाईटच असतो असं नाही, चार्जर-पॉवरबँकवाल्या अँकरसारखी कंपनी २०११ मध्ये सुरू होऊन ऑनलाइनच्याच जोरावर मोठी झाली. पण ते नाव पुढच्या वर्षी असेल का, याची खात्री तुम्हाला कोण देणार? म्हणून तिथे ब्रँड बघायच्या आधी विकणारा कोण आहे ते बघा, प्लॅटफॉर्म स्वतः विकतोय का दुसरा कुणी, आणि परत घ्यायची मुदत किती.

मघाशी चहाच्या वेळी एकांनी विचारलं की मग वाढीव वॉरंटी घ्यायची का. माझं उत्तर, स्वस्त वस्तूवर नाही. टीव्हीच्या किमतीचा मोठा भाग त्यात जातो, आणि कागद वाचलात तर बॅकलाइट, रिमोट, पडून फुटणं यातलं काहीतरी वगळलेलं सापडतंच. तेच पैसे बाजूला ठेवा. आणि केबल, माउस, कीबोर्ड, एचडीएमआयची वायर, हे दुकानाच्या ब्रँडचं सगळ्यात स्वस्त असेल ते बिनधास्त घ्या, एचडीएमआयमध्ये चित्र एक तर येतं, नाहीतर अडखळतं आणि लगेच कळतं, महागड्या वायरने रंग खुलत नाहीत, कुणी काही सांगो. फक्त वायर लांबलचक हवी असेल तर बिल जपून ठेवा.