पॉवर व्हीलचेअर बाहेर काढताय? आधी एवढं बघा, मग गल्लीत या

नमस्कार मंडळी! आज फक्त बाहेरचं बोलायचंय. बॅटरीवरची व्हीलचेअर घराबाहेर काढायची तर आधी काय काय सेट करायचं आणि मग ती रस्त्यावर कशी चालवायची. घरात फरशीवर काय, फार तर कपाटाला धडकाल. बाहेर खड्डा आहे, गटाराची जाळी आहे, रिव्हर्स येणारा टेम्पो आहे, आणि हे सगळं तुम्ही बसलेल्या उंचीवरून बघताय, टेम्पोवाल्याला तर तुम्ही दिसतच नाही.

मी सोलापुरात चालवतो, त्यामुळं उदाहरणं इथलीच येणार, पुण्या-मुंबईवाल्यांनी आपापला चौक समजून घ्या.

पहिलं म्हणजे खुर्ची तुमच्या अंगाला बसवा. दुकानातून आली तशी लोक थेट बाहेर काढतात, तसं नका करू. हे बघा, जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायची ही दांडी. (कॅमेरा हातावर) कोपर आर्मरेस्टवर टेकलेलं आहे, खांदा वर उचललेला नाही, मनगट सरळ आहे, आणि बोटं सहज जॉयस्टिकवर येतायत. ती फार पुढं असली की तुम्ही हात ताणून धरता, मग खड्ड्यात गचका बसला की हात पुढं जातो आणि हातासोबत जॉयस्टिक पण पुढं जाते, म्हणजे नेमकं थांबायच्या वेळेला खुर्ची पळते. स्क्रू ढिला करून जॉयस्टिकची नळी मागं सरकवायची आणि परत घट्ट करायचं, पाच मिनिटांचं काम आहे.

फूटरेस्ट जमिनीपासून निदान दोन इंच वर पाहिजे, आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता मी तर अजून थोडं वरच ठेवतो. पण फार वर घेतलं तर गुडघे उचलले जातात आणि सगळं वजन बुडावर येतं, ज्यांना खाली संवेदना नाही त्यांना त्यातनं जखम होते, म्हणून मांडी सीटला पूर्ण टेकलेली आहे ना ते बघून मगच फिक्स करा.

बेल्ट. तो पोटावर नाही, खाली, मांडी आणि कंबर जिथं मिळते तिथं. "मी काय पडतोय होय" म्हणणारे लई भेटतात. तुम्ही चालवताना नाही पडणार हो, पण चालत्या खुर्चीचं बटण चुकून बंद झालं ना, तर ब्रेक एकदम लागतो, खुर्ची जागेवर थांबते आणि तुम्ही पुढं जाता. त्याच्यासाठी बेल्ट आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे घरच्यांना पण बोलवून दाखवा. हा लिव्हर. (कॅमेरा खाली, मोटरजवळ) काही खुर्च्यांना दोन असतात, दोन्ही मोटरला एकेक. हा फिरवला की मोटर चाकापासून सुटते आणि खुर्ची हातानं ढकलता येते. बॅटरी संपली तर हा लागतो. पण नीट ऐका, बहुतेक पॉवर खुर्च्यांचा ब्रेक त्या मोटरमध्येच असतो. जॉयस्टिक सोडली की खुर्ची आपोआप लॉक होते ती त्याच ब्रेकमुळं. लिव्हर सोडवला म्हणजे ब्रेक पण गेला. सपाटीवर काही नाही होत, पण उतारावर कुणी पाहुण्यानं "थांबा दादा, मी ढकलतो" म्हणून लिव्हर फिरवला तर बॅटरी आणि माणूस धरून शंभर किलोच्या पुढचा गाडा त्याच्या हातात येतो, आणि तो त्याला धरवणार नाही. म्हणून मी लिव्हरला लाल टेप गुंडाळलीय आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, उतारावर याला हात लावायचा नाही. आणि बसायच्या आधी एक सवय लावून घ्या, बाजूला उभं राहून खुर्चीला पुढं-मागं हलका धक्का द्यायचा. हलली तर लिव्हर सुटलेला आहे, बसू नका.

खुर्चीत बसताना-उतरताना पॉवर बंद. कायम. शर्टाची बाही, ओढणी, पदर, पिशवीचा बंद, काहीही जॉयस्टिकला अडकतं.

बरं, आता बाहेर. चढ-उतार.

आपल्या नवी पेठेत बघा, दुकानाचा ओटा एक फूट उंच आणि त्याला लावलेला रॅम्प असतो अडीच फुटांचा. तो मोटारसायकल चढवायला केलेला असतो, आपल्यासाठी नाही, आपल्यासाठी ती घसरगुंडी आहे. हिशोब सोपा आहे, एकास बारा. एक इंच उंची असेल तर बारा इंच लांबी पाहिजे. सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा रॅम्प, आणि एक फुटाच्या ओट्याला बारा फूट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक जागा सुगम्य करा म्हणून लिहिलंय, आणि तरी नव्या इमारतींना सुद्धा असले रॅम्प दिसतात, कारण बांधणाऱ्यानं टेप लावलेली नसते, त्याला "रॅम्प आहे" एवढंच दाखवायचं असतं. तुम्ही टेप लावा. नाहीतर मोबाईलमध्ये लेव्हल दाखवणारं ॲप असतं ते रॅम्पवर ठेवा, एकास बारा म्हणजे साधारण पाच अंश. तुमच्या खुर्चीला किती अंश चालतात ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्याच्या वर असेल तर दुकानदाराला बाहेर बोलवा, त्यात लाज कसली, गिऱ्हाईक आहोत आपण.

चढताना सरळ चढायचं, तिरकं नाही. तिरकं गेलं की वजन एका बाजूला येतं आणि खुर्ची आडवी होऊ शकते. अंग पुढं झुकवा. मध्येच थांबू नका, आणि थांबावंच लागलं तर परत निघताना जॉयस्टिक हळूहळू पुढं करा, एकदम ढकलली की पुढची चाकं उचलतात. मागं ही दोन छोटी चाकं दिसतायत ना, ती मागं उलटू नये म्हणून आहेत. अडतात म्हणून लोक काढून ठेवतात! काढू नका. आणि हँडलला भाजीची पिशवी लटकवू नका. दोन किलो कांदे, किलोभर बटाटे, एक कलिंगड मागं लटकवलं आणि रॅम्प चढायला लागलात की वजन सगळं मागं जातं. पिशवी सीटखाली ठेवा, नाहीतर मांडीवर, पण जॉयस्टिकच्या उलट्या बाजूला.

उतरताना स्पीड सगळ्यात कमी, पाठ मागं टेकलेली, उतारावर वळायचं नाही, वळण खाली सपाटीवर आल्यावर. आणि मदतीला कुणी असेल तर त्यानं खुर्चीच्या पुढं उभं राहून अडवायचं नाही, बाजूनं चालायचं.

स्पीडब्रेकर पण सरळच घ्यायचा, दोन्ही चाकं एकदम चढली पाहिजेत. मोटारसायकलवाले कडेच्या फटीतनं तिरके काढतात तसं आपलं नाही जमत.

आता पुढची छोटी चाकं, कॅस्टर. रस्त्यावर माझं लक्ष निम्मा वेळ यांच्यापुढच्या हातभर जागेकडं असतं. मोठं चाक खड्ड्यातनं निघतं, छोटं अडकतं आणि अडकलं की खुर्ची जागेवर फिरते. गटाराच्या जाळीचे गज तुमच्या जायच्या दिशेनं असतील तर कॅस्टर फटीत जाणार, तिथं शक्य तर बाजूनं जा, नाहीतर गजांना आडवं काटून जा. सुट्ट्या वाळूत, खडीत पण तेच. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मऊ माती आणि वर गर्दी असते, तिथं कॅस्टर रुतलं तर जोर लावत बसू नका, जरा मागं घ्या आणि दुसरीकडनं या. पावसात काळ्या मातीचा रस्ता तर सोडूनच द्या, चाक दिसेनासं होतं आणि मोटरमध्ये चिखल जातो. जॉयस्टिकवर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड, एवढं कायम सोबत ठेवा. आणि खुर्ची पाण्याच्या पाइपनं धुवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची.

ट्रॅफिकमध्ये दिसणं हीच अर्धी सेफ्टी. मागं काठी लावून तिला भडक रंगाचा झेंडा लावा, उभ्या गाड्यांच्या वर दिसेल एवढा उंच, आणि रात्रीसाठी मागं-बाजूला रेडियमच्या पट्ट्या. फुटपाथ चालण्यासारखा असेल तर फुटपाथ, नसेल तर मी रस्त्याच्या उजव्या कडेनं जातो, समोरनं येणारी गाडी दिसते. सात रस्त्याच्या चौकात एकट्यानं घुसू नका, चार माणसं ओलांडतायत त्यांच्यासोबत जा. ड्रायव्हरच्या डोळ्याकडं बघा, त्यानं तुमच्याकडं बघितलं तर पुढं. कुत्री मागं लागली तर पळवू नका, थांबा, ती पण थांबतात बऱ्याचदा.

स्पीडचं म्हणाल तर साध्या खुर्च्या ताशी सहा किलोमीटरच्या आसपास जातात, ते पुरे आहे. हल्ली पुढं जोडायचं मोटरचं युनिट पण मिळतं, आयआयटी मद्रासमधनं आलेल्या निओमोशन कंपनीनं 2021 मध्ये निओबोल्ट काढलं, ते पंचवीसपर्यंत पळतं. चांगलं आहे, पण ते हाताच्या व्हीलचेअरला लागतं आणि त्याला चालवायची सवय वेगळी लागते. गल्लीत भाजी आणायला त्याची गरज नाही, माझं मत.

सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा, काळी सीट आणि लोखंडी फ्रेम तापते. मणक्याला मार लागलेल्या बऱ्याच जणांना मार बसला त्याच्या खालच्या अंगाला नीट घाम येत नाही, म्हणजे अंग नीट थंड होत नाही आणि चटका बसलेला कळत पण नाही. म्हणून सीटवर आपला साधा सोलापुरी टॉवेल टाका, पाण्याची बाटली हाताशी ठेवा, आणि बाहेर पडा सकाळी लवकर किंवा सहानंतर. बसल्या बसल्या दर वीस-तीस मिनिटांनी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झुकून बुडावरचं वजन काढा, सिग्नलला थांबलात की तेवढं करा.

टायर. हवेचे असतील तर बाभळीचे काटे आणि सराटे, दोन्ही आपल्याकडं भरपूर. भरीव टायर पंक्चर होत नाही पण गचके सगळे पाठीला बसतात. हवा दोन्हीकडं सारखी पाहिजे, खुर्ची एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा बघा, मग मोटरवर संशय घ्या. आणि पंक्चरवाल्याला एक गोष्ट सांगाच, बऱ्याच खुर्च्यांची रिम दोन भागांची, बोल्टनं जोडलेली असते. हवा भरलेली असताना ते बोल्ट ढिले केले तर रिम उडते, तोंडावर येऊ शकते. आधी हवा पूर्ण सोडायची, मगच पाना लावायचा. तो रोज स्कूटर करतो, त्याला खुर्चीची रिम माहीत असेलच असं नाही.

बॅटरी. बहुतेक खुर्च्या चोवीस व्होल्टवर चालतात. कंपनी जे किलोमीटर सांगते ते सपाट रस्त्यावर आणि नव्या बॅटरीचे, चढ, वजन, खडबडीत रस्ता धरला की आकडा बराच खाली येतो. मी जाण्याला एक तृतीयांश, येण्याला एक तृतीयांश आणि बाकीचं राखीव असं धरतो. आणि काटा बघायचा तो उभं राहून नाही, चढ चढताना. उभ्या खुर्चीत बॅटरी भरलेली दाखवते आणि लोड आला की धपकन दोन दिवे जातात, तोच खरा आकडा. लेड ॲसिड असेल तर थोडं फिरला तरी रात्री चार्जिंगला लावाच, रिकामी ठेवली की ती मरते. उन्हातनं आल्या आल्या मात्र प्लग लावू नका, बॅटरी हाताला गार लागू द्या, मग लावा. आणि लाइट जाऊन आली तर चार्जरचा दिवा परत लागलाय का ते झोपायच्या आधी कुणालातरी बघायला सांगा, नाहीतर सकाळी खुर्ची अर्धीच भरलेली मिळते.