29.99 चा डबा

[पडद्यावर : भगवा-पांढरा ट्रॅफिकचा कोन, जुन्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर]

हा कोन ओळखला का? सायबर कॅफेत, हॉस्टेलवर, मामाच्या लग्नाची सीडी कुठल्याच प्लेअरवर चालेना तेव्हा कुणीतरी मागनं म्हणायचं, अरे व्हीएलसी टाक ना, आणि मग ती चालायची. तर हा व्हीएलसी, म्हणजे व्हिडिओ चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर, आला कुठनं? पॅरिसच्या दक्षिणेला शातने-मालाब्री म्हणून गाव आहे, तिथे एकोल साँत्राल नावाच्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजचा कॅम्पस होता, तिथल्या हॉस्टेलच्या पोरांचा हा उद्योग. त्यांचं नेटवर्क जुनं, गेम खेळायला बसलं की रडायचं. आता नवीन नेटवर्क पाहिजे, पण "आम्हाला गेम खेळायचेत, पैसे द्या" हे कॉलेजला कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून 1996 मध्ये पोरांनी कारण शोधलं की गच्चीवर एकच मोठी डिश लावू, आणि टीव्ही नेटवर्कवरनं प्रत्येक खोलीतल्या कॉम्प्युटरवर सोडू, खोलीगणिक डिश नको, डिकोडर नको. टीव्ही सोडायचा म्हणजे नेटवर्क फास्ट लागणारच की! काम झालं. तो टीव्ही कॉम्प्युटरवर बघायला पोरांनी जे सॉफ्टवेअर लिहिलं, तेच व्हीएलसी. 2001 च्या फेब्रुवारीत त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला, आणि तो कोन म्हणजे पोरांनी रस्त्यावरनं उचलून हॉस्टेलवर आणून ठेवलेले कोन, बाकी काही गूढ अर्थ नाही.

इंटरनेटच्या तारेतनं टीव्ही. आणि त्याच तारेतनं फोन. युरोपात ह्या तिघांच्या एकत्र पॅकेजला ट्रिपल प्ले म्हणतात, आज आपल्याकडे पण घरोघरी तसलंच पॅकेज आहे, त्यामुळे ह्यात काय विशेष असं वाटेल. पण ह्या तिघांना एका बिलात बसवायला तिकडे कायद्यानं रस्ता करून दिला, आणि एकदा बसल्यावर त्यातल्या कशाचे किती पैसे हे शोधताना त्याच कायद्याच्या नाकी नऊ आले. गोष्ट ती आहे.

[भिंतीतला फोनचा जुना पॉइंट, त्यातनं निघालेली वायर]

आधी ही तार बघा. तांब्याची, दोन पिळलेल्या धाग्यांची, घरापासनं टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत. बोलण्यासाठी टाकलेली. हिच्यातनं सिनेमा पाठवता येईल का, हा प्रश्न टेलिफोन कंपन्यांना 90 च्या दशकात पडला, कारण केबलवाले त्यांच्या पोटावर पाय देत होते. एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेतनं डेटा पाठवायची टेक्नॉलॉजी, हिच्या नावातला पहिला ए म्हणजे असमान, खाली जास्त आणि वर कमी, आणि ते तसं का, तर घरात येणार सिनेमा आणि घरातनं जाणार फक्त रिमोटचं बटण, हा हिशोब धरून ती डिझाइन केलेली होती! ब्रिटिश टेलिकॉमनं 1995 च्या सुमारास कोल्चेस्टर आणि इप्सविचमधल्या घरांत असला मागाल तो सिनेमा देऊन पण बघितला. चाचणी झाली, धंदा काही उभा राहिला नाही. सिनेमाला गिऱ्हाईक मिळालं नाही, मग तीच तार इंटरनेटला विकली. म्हणजे आपण वर्षानुवर्षं अपलोड स्लो म्हणून जे शिव्या घालत होतो ना, ते ह्या न चाललेल्या सिनेमामुळे.

आणि सिनेमा तारेत मावण्याएवढा बारीक करायचा कसा, त्याचं सूत्र इटलीतल्या तोरिनोच्या माणसाकडे होतं. लिओनार्दो किआरिलिओने, तिथल्या टेलिकॉम लॅबमधले इंजिनिअर, त्यांनी 1988 मध्ये एमपेग ही कमिटी सुरू करण्यात पुढाकार घेतला. एमपी3 मधला एमपी तोच.

[एक्स्चेंजची इमारत, आत लोखंडी रॅक, हजारो रंगीत वायरी]

टेक्नॉलॉजी होती, पण तार कुणाची? फ्रान्समध्ये फ्रान्स टेलिकॉमची, जर्मनीत डॉइचे टेलिकॉमची, स्पेनमध्ये टेलिफोनिकाची. सगळ्या जुन्या सरकारी कंपन्या, लोकांच्या पैशानं सगळा देश खणून तारा टाकलेल्या. नवीन कंपनीनं परत खणायचं म्हटलं तर दिवाळंच. म्हणून 2000 च्या डिसेंबरमध्ये युरोपियन युनियननं नियम केला, आणि 2001 च्या जानेवारीपासून तो लागू झाला, की तार तुमची असू दे, पण शेवटचा तुकडा, एक्स्चेंज ते घर, हा दुसऱ्याला भाड्यानं द्यायचा, आणि तुमच्या एक्स्चेंजमध्ये त्याला त्याचं मशीन ठेवायला जागा पण द्यायची. घर तुमचं, भाडेकरू सरकारनं बसवलेला, आणि भाडं पण सरकारच्या डोळ्यादेखत ठरणार. जुन्या कंपन्यांना किती आनंद झाला असेल विचार करा.

तसं बघितलं तर मिलानमध्ये फास्टवेब ह्याच्याही थोडी आधी जागी झाली होती, 1999 ची कंपनी, शहराच्या वीज कंपनीबरोबर मिळून सरळ घरापर्यंत फायबर ओढली आणि 2001 च्या आसपास फोन, नेट, टीव्ही तिन्ही आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्याच पद्धतीनं, द्यायला लागली. तेव्हा आपल्याकडे डायल-अपचा कुईं-कुईं आवाज चालू होता. पण फायबर म्हणजे पैसा, आणि तो खेळ मिलानसारख्या श्रीमंत शहरात परवडतो. सामान्य माणसाच्या घरात ट्रिपल प्ले गेला तो फ्रान्समधनं, त्याच जुन्या तांब्याच्या तारेवर.

[पांढरा प्लास्टिकचा डबा, मागे वायरींचं जंजाळ]

झावीये नील. कॉलेजची डिग्री नाही, पोरवयात मिनिटेलवर सर्व्हिस चालवून पैसा कमावलेला. मिनिटेल म्हणजे फ्रान्सचं इंटरनेटच्या आधीचं इंटरनेट, छोटा स्क्रीन फोनला जोडलेला, ते 2012 च्या 30 जूनला बंद झालं, त्याच्यावर वेगळा व्हिडिओ होईल. तर ह्या नीलच्या फ्री नावाच्या कंपनीनं 2002 च्या सप्टेंबरमध्ये फ्रीबॉक्स काढला, स्वतःच डिझाइन केलेला डबा, महिना 29.99 युरो. सुरुवातीला नुसतं इंटरनेट, 512 केबीपीएस. 2003 मध्ये त्याच डब्यातनं फोन आला, वर्षअखेरीला टीव्ही आला, आणि भाव? 29.99. तोच. पुढे स्पीड वाढत गेला, चॅनल वाढत गेले, भाव 29.99. बाकी सगळ्या कंपन्यांना झक मारत आपापले डबे काढायला लागले आणि फ्रेंच भाषेत "बॉक्स" हा शब्दच घरातल्या राउटरला पडला.

अजून एक गंमत. फ्रीबॉक्सचे टीव्ही चॅनल काही वर्षांनी घरातल्या कॉम्प्युटरवर पण बघायची सोय झाली, आणि त्यासाठी गिऱ्हाइकानं कॉम्प्युटरवर काय टाकायचं, तर तो भगवा कोन. हॉस्टेलची थाप खरी झाली म्हणायची.

आतमध्ये हे चालतं कसं? युरोपियन कमिशनच्या रिसर्च फंडातनं 2004 ते 2008 म्यूज नावाचा मोठा प्रोजेक्ट झाला, पुढाकार अल्काटेलच्या बेल्जियममधल्या कंपनीचा, बरोबर टेलिकॉम कंपन्या आणि युनिव्हर्सिट्या, आणि प्रश्न हाच की एकाच तारेत तिघांना कमी खर्चात नांदवायचं कसं. कारण तिघांचे स्वभाव वेगळे. ईमेल दोन सेकंद उशिरा आला तर कुणी मरत नाही, पण फोनवर पाव सेकंद उशीर झाला की दोघं एकदमच बोलायला लागतात, आणि टीव्हीचं एक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवलं की हिरोच्या तोंडावर चौकोन. म्हणून आवाजाला आधी वाट द्यायची, मग टीव्ही, उरलेलं डाउनलोडला, असे रांगेचे नियम. आणि टीव्हीला अजून एक युक्ती : एका गल्लीत शंभर घरं एकच मॅच बघतायत तर शंभर कॉप्या पाठवायच्या नाहीत, एक्स्चेंजपर्यंत एकच आणायची आणि तिथे फाटे फोडायचे. तुम्ही चॅनल बदललात की डबा एक्स्चेंजला विचारतो, मला पण ह्यात घे, म्हणून ते बदलताना जरा थांबायचं. आणि चित्र बारीक करण्यात, डब्यात थोडं साठवून मग दाखवण्यात पण वेळ जातो, म्हणून साधा अँटेना असलेला शेजारी गोल म्हणून ओरडला तरी तुमच्या टीव्हीवर बॉल अजून हाफवर.

[बिल, जवळनं. एकच ओळ, एकच आकडा]

आता बिलाकडे येऊ. फ्रीबॉक्सचं बिल म्हणजे एकच आकडा. त्यात टीव्हीचे किती? फोनचे किती? कुणालाच माहीत नाही, आणि खरं तर कुणाला पडलेली पण नाही. पडलेली कुणाला, तर टॅक्सवाल्याला! फ्रान्समध्ये तेव्हा साधा व्हॅट 19.6 टक्के, पण टीव्हीच्या वर्गणीला सवलतीचा 5.5 टक्के. मग तीन-इन-वन डब्याला कुठला? तर अर्ध्या किमतीवर हा आणि अर्ध्यावर तो. अर्ध्याच का? तीन गोष्टींचे अर्धे कसे होतात? काही नाही, मांडवली. मी गणित करून बघितलं, 29.99 मध्ये ह्या मांडवलीचे महिना दीड-पावणेदोन युरो सुटतात, आणि ते लाखो घरांवर. ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपियन कमिशनचा, आक्षेप असा की ज्यांची तार टीव्ही झेपण्याएवढी चांगलीच नाही, ज्यांना टीव्ही दिसतच नाही, त्यांच्या बिलावर पण टीव्हीची सवलत लागते, हे काय आहे? शेवटी 2011 च्या 1 जानेवारीला ती सवलत गेली. आणि फ्रीनं काय केलं, तर टीव्ही वेगळा काढला, पर्यायी, महिना 1.99. इतकी वर्षं पॅकेजच्या निम्मा असलेला टीव्ही एका रात्रीत दोन युरोचा झाला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या घरच्या राउटरच्या मागे जाऊन बघितलं. फोनसाठी एक भोक आहे. गेल्या तीन वर्षांत त्यात काहीही खुपसलेलं नाही, पण पॅकेजमध्ये लँडलाइन "फ्री" आहे, नंबर पण आहे म्हणे, तो मला पाठ नाही. 2019 मध्ये ट्रायनी केबलला चॅनलगणिक भाव लावायला लावले तेव्हा आपण सगळे महिनाभर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो आठवतंय ना? आणि शेवटी बहुतेकांनी केबलवाल्यालाच सांगितलं, तूच काय ते पॅक लाव बाबा.

आता उलटी बाजू. ज्याला पॅकेज नकोच आहे, त्याचं काय होतं? इंग्लंडमध्ये बीटीनं, म्हणजे त्याच ब्रिटिश टेलिकॉमनं, 2012 मध्ये प्रीमियर लीगच्या मॅचेससाठी तीन सीझनचे 73 कोटी 80 लाख पाउंड मोजले, आणि 2013 च्या ऑगस्टमध्ये बीटी स्पोर्ट चॅनल काढून आपल्या ब्रॉडबँडवाल्यांना फुकट दिलं. जाहिराती पण जोरात, ब्रॉडबँड एवढंसं, आणि लाइन रेंटल, म्हणजे फोनच्या तारेचं भाडं, खाली बारीक अक्षरात वेगळं, ते 2016 च्या ऑक्टोबरअखेर बंद करायला लागलं, एकूण किंमत एकत्र दाखवा म्हणून. ह्या सगळ्या गदारोळात एक गिऱ्हाईक होतं ज्याच्याकडे फक्त फोन. ब्रॉडबँड नाही, फुटबॉल नाही. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडे. लाइनचे घाऊक दर उतरत होते आणि ह्यांचं भाडं मात्र चढत होतं, कारण हे सोडून जाणार नाहीत हे सगळ्यांना माहीत. फुटबॉलचा पैसा ह्या आजीबाईंच्या खिशातनं गेला असं कुणी दाखवलेलं नाही, मी पण म्हणत नाही. पण ऑफकॉम ह्या रेग्युलेटरनं 2017 मध्ये बोट ठेवलं, बीटी तयार झाली, आणि 2018 च्या एप्रिलपासून सुमारे 10 लाख लोकांचं भाडं 18.99 वरनं 11.99 पाउंडावर आलं. सात पाउंड! एका फटक्यात. म्हणजे ते सात कधीच कमी करता आले असते.

कंपन्यांमधली मारामारी वेगळीच. समजा गावात गिरणी एकच आहे, आणि गिरणीवाला स्वतः भाकऱ्या पण विकतो. तुम्हाला पीठ देतो दहाला, आणि स्वतःची भाकरी विकतो साडेदहाला. तुमची चूल पेटणार कशी? टेलिफोनिकानं ब्रॉडबँडमध्ये हेच केलं म्हणून 2007 मध्ये युरोपियन कमिशननं 15 कोटी 18 लाख 75 हजार युरोचा दंड ठोकला. फ्रान्स टेलिकॉमच्या वानाडू ह्या इंटरनेट कंपनीला त्याआधी 2003 मध्ये, खर्चापेक्षा कमी भावात एडीएसएल विकलं म्हणून 1 कोटी 3.5 लाख. पण नुसत्या पिठा-भाकरीचा हिशोब सोपा, भाकरीबरोबर पिठलं आणि ठेचा एका ताटात दिला तर? टीव्ही फुकट म्हणाला, तर तोटा कशात धरायचा? युरोपातल्या रेग्युलेटरांची संस्था आहे, बेरेक, ऑफिस लाटव्हियातल्या रीगाला, तिनं 2010 मध्येच ह्या बंडलवर रिपोर्ट काढला. तोपर्यंत बाजार पुढे गेला होता. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये टेलिफोनिकानं स्पेनमध्ये फुसिऑन नावाचं पॅकेज काढलं, ताटात मोबाइल पण वाढला, 49.90 युरोपासून.

[छापील कागद, पेननं खूण केलेलं कलम]

शेवटी 2018 च्या डिसेंबरमध्ये युरोपचा नवीन टेलिकॉम कायदा आला, त्यातलं 107 वं कलम खास ह्या बंडलसाठी. पॅकेजमधली एक गोष्ट धड चालत नाही म्हणून करार तोडायचा हक्क मिळाला, तर तुम्ही सगळं पॅकेज तोडू शकता. आधी व्हायचं काय, नेट बोंबललं तर नेट सोडा, टीव्हीचा करार चालूच, आणि टीव्ही चालणार कशावर, तर त्याच नेटवर! शिवाय मधेच नवीन डबा घेतला म्हणून करार गुपचूप लांबवायचा नाही, तुम्ही स्पष्ट हो म्हटलं तरच. आणि पहिला करार 24 महिन्यांच्या वर नाही.

आणि सही करायच्या आधी कंपनीनं कराराचा सारांश हातात द्यायचा. तो कसा असावा ह्याचा पण 2019 मध्ये वेगळा नियम निघाला, अक्षर किमान 10 पॉइंटचं, म्हणजे भिंग लागायला नको. एकच सर्व्हिस असेल तर जास्तीत जास्त एक ए-फोर पान. आणि बंडल असेल तर तीन पानं.

पानांवर मात्र बंडल डिस्काउंट नाही.