सोयरीक तीन जीपची

[पडदा काळा. फक्त हातोडीचा आवाज.]

ऐका. टण… टण… टण… आणि आता, थप्प.

टण वाजलं म्हणजे लोखंड शाबूत आहे. थप्प वाजलं म्हणजे वर रंग आणि आत गंजाचा भुगा. साताऱ्याहून कोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही पत्र्याची शेड आहे. इथे तीन जुन्या जीपचे भाग जोडून डोंगरातल्या एका शेतकऱ्यासाठी एक गाडी बनतेय. अर्धा तास झाला, मिस्त्री एका जुन्या जीपच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, असे ठोके देत फिरतायत. थप्प आलं की खडूची फुली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगतात, त्या हँगरपाशी तीन फुल्या पडल्या. या जीपनं अर्धं आयुष्य कोकणात काढलंय, खाऱ्या हवेत.

"वरनं रंग मारून मारून गुळगुळीत केलीय," मिस्त्री म्हणाले. "पण आतनं खाल्लीय तिला."

तेवढा भाग कापून तिथे नवा जाड पत्रा बसेल. बाकीची चेसिस चांगली आहे. चाकापासून चाकापर्यंत ९१ इंच. आखूड आहे, म्हणून तर हवी होती. लांब गाडीचं पोट बांधावर टेकतं.

[शेडच्या मागची जागा. गवतात पडलेले सांगाडे.]

जीपचं मूळ महायुद्धातलं. १९४१ साली अमेरिकेत विलीज कंपनीनं लष्करासाठी ती बनवायला घेतली. स्वातंत्र्याच्या आसपास महिंद्रांनी मुंबईत त्याच जीपची जोडणी सुरू केली. आपल्याकडे ती आली सरकारी खात्यांची गाडी म्हणून. मग साखर कारखान्यांकडे गेली, बागायतदारांच्या दारात उभी राहिली, आणि म्हातारपणी वडापला लागली. सातारा-सांगलीच्या माणसाला वडाप सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की नऊ जणांच्या गाडीत सोळा बसायचे, दोघं मागे लटकायचे आणि तरी ड्रायव्हर हाक मारायचा, "एक सीट, एक सीट!"

आपल्या गाडीचं इंजिन अशाच एका वडापच्या जीपमधून निघालंय. महिंद्राचं २५२३ सीसीचं डिझेल, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. आवाज करतं, धूर सोडतं, पण कमी फेऱ्यांवर ओढतं. चेसिस आणि मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आस, कोकणातल्या जीपचा. पुढचा ॲक्सल आणि तीन गिअरचा जुना बॉक्स एका पेट्रोल जीपचा, जी लिलावात भंगारच्या भावानं गेली होती.

हे सगळं एका ठिकाणी आणलं की गाडी झाली, असं मला वाटत होतं. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतील आणि माझे शॉट होतील. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी वेल्डिंगची केबल गुंडाळून खुंटीला लावली.

"आधी सोयरीक जमतीय का बगू. मांडव मागनं घालू."

[जवळून: टायरवर खडूची रेघ. प्रोपेलर शाफ्टवर दुसरी रेघ.]

सोयरीक म्हणजे काय, ते इथे कळतं. पुढचा ॲक्सल जॅकवर घेतला. एक चाक पाचर लावून गच्च केलं, दुसरं मोकळं सोडलं. मिस्त्रींचा भाचा मोकळं चाक हातानं फिरवतोय, बरोबर दोन फेरे. मिस्त्री खाली उताणे झोपून शाफ्टवरची, म्हणजे ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्यावरची, रेघ मोजतायत. एक चाक अडकवलेलं असलं की मोकळ्या चाकाच्या दोन फेऱ्यांना आतलं मोठं चक्र, म्हणजे क्राऊन, एकदाच फिरतं. तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला, तो त्या ॲक्सलचा रेशो.

"मामा, झालं दोन."

"पाच. आन वर तिसऱ्या हिश्शापेक्षा जरा जास्त."

मग मागचा ॲक्सल. पुन्हा दोन फेरे.

"पाच हुईत न्हाईत पुरं. थोडक्यात ऱ्हातंय."

दोन्ही ॲक्सलच्या मधले गोळे, ज्यांत हे गिअर असतात, ते उघडून दात मोजले. पुढच्या क्राऊनला ४३ दात, त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राला, म्हणजे पिनियनला ८. म्हणजे ५.३८. मागे ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. वरून बघाल तर दोन्ही ॲक्सल भाऊ-भाऊ वाटतात.

चार दातांनी काय बिघडतं? फोर बाय फोर टाकलं, म्हणजे चारही चाकांना ताकद दिली, की जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात, दोघांचे फेरे सारखेच. मागची चाकं शंभर मीटर चालतील तेवढ्यात पुढची फक्त ९१ मीटर चालायला बघणार. चिखलात टायर घसरतो आणि हा फरक खपून जातो. खडकावर टायर घसरत नाही. मग सगळा ताण शाफ्टमध्ये, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये आणि गिअरच्या दातांत साठत जातो.

मिस्त्रींनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका गाडीला त्यांनी घाईत, न मोजता ॲक्सल जोडला होता. कातळावर चढताना ट्रान्सफरचा, म्हणजे फोर बाय फोर टाकायचा दांडा असा अडकला, की दोघांनी लाथा घातल्या तरी हलेना. शेवटी गाडी रिव्हर्समध्ये थोडी मागे घेतली, ताण सुटला, तेव्हा दांडा निघाला. क्रॉसच्या सुया मात्र ओढ्यात सांडल्या. गिऱ्हाईक काही बोललं नाही. पुन्हा आलंही नाही.

आता पुढचा बदलायचा की मागचा? ४.८८ ठेवला तर गाडी पळेल. पण या गाडीला पळायचंच नाही.

[परळी खोरं. वर सज्जनगड, खाली उरमोडीचं पाणी.]

ज्यांच्यासाठी ही गाडी बनतेय त्यांचं घर या खोऱ्यात, धरणाच्या वरच्या अंगाला. भात आणि नाचणी. घरापासून वावर दीड किलोमीटर, मध्ये एक ओढा आणि मग उभी चढण. बैल विकून बरीच वर्षं झाली. पहिला पाऊस झाला की ट्रॅक्टरची ट्रॉली चढणीवर मागे ओढते. एकदा तर ट्रॅक्टरचं तोंडच उचललं. तेव्हापासून शेणखत डोक्यावरच्या पाटीतून. नवीन फोर बाय फोर गाडीची किंमत त्यांनी विचारली होती. दहा लाखांच्या पुढचा आकडा ऐकून म्हणाले, "तेवढ्यात माझं वावरच विकत मिळंल."

म्हणून दोन्हीकडे ५.३८. जुन्या बॉक्सचा पहिला गिअर २.८, ट्रान्सफरचा लो २.४६. तिन्हींचा गुणाकार केला तर इंजिनाच्या ३७ फेऱ्यांना चाक एकदा फिरतं. माणसाच्या चालीपेक्षाही हळू. शेणखत घेऊन चढायला हाच वेग लागतो. एक गोष्ट मात्र आहे, या बॉक्सचा पहिला गिअर चालत्या गाडीत सुखानं पडत नाही, दात ओरडतात. तो चढणीच्या आधी, थांबूनच टाकायचा.

[जवळून: वाटीत केशरी लेप. बोट. लोखंडाचे दात.]

हा शेंदूर आहे. हो, मारुतीला लावतात तोच. मिस्त्रींनी तो तेलात कालवला आणि नव्यानं बसवलेल्या मागच्या क्राऊनच्या चार-पाच दातांना बोटानं लावला. मग पिनियन हळूहळू फिरवला. जिथे दात दाताला घासला तिथला शेंदूर पुसला जातो. पुसलेला डाग दाताच्या मधोमध यायला हवा. पहिल्या वेळी तो टोकाला आला. गोळा खोलला, शिम, म्हणजे कागदासारखी पातळ पत्र्याची चकती, बदलली, पुन्हा जोडला. दुसऱ्या वेळी डाग मुळाशी. पुन्हा खोलला. मी कॅमेरा बंद करून चहा आणायला गेलो. आलो तेव्हा पाचवी खेप चालू होती आणि मिस्त्रींच्या कपाळालाही शेंदूर लागला होता. डाग अखेर मधोमध आला, बदामाएवढा. दातांमधली मोकळीक पाच-सहा थाऊ, म्हणजे जाडसर कागदाएवढी.

वेल्डिंग, रंग, वायरिंग, सीट या सगळ्याला मिळून याच्या निम्मा वेळ लागला. त्याचे शॉट सुंदर आलेत, पण मी ते इथे घेत नाही.

एक नळी मात्र दाखवतो. दोन्ही गोळ्यांवर हवा जायला बारीक भोक असतं. चालून गोळा तापतो, तसाच गार ओढ्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि पाणी आत ओढून घेते. मग गिअरच्या तेलाचा दुधाळ चहा होतो आणि बेअरिंग जातात. मिस्त्रींनी त्या भोकाला रबरी नळी जोडून ती पार बॉनेटखाली, उंचावर नेऊन बांधलीय.

आणि कायद्याचं? ते आधीच सांगायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ गाजला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात म्हटलं, की नियमात बसत नसल्यानं ती कधी ना कधी अडवली जाईल. तिच्या बदल्यात त्यांनी त्याला नवी बोलेरो दिली. आपल्या गाडीला बोलेरो मिळणार नाही आणि पासिंगही मिळणार नाही. ती डांबरावर येणार नाही, स्वतःच्या वावरात आणि वावराच्या वाटेवर राहील. वर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हौसेखातर गाड्या घालणारे बघितलेत मी. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत फुलं येतात आणि टायरची चाकोरी मागे राहते. मालकांना मी विचारलं, सड्यावर न्याल का? "कशाला? थितं काय माझं शेणखत हाय?"

[पहाट. टेम्पोच्या हौद्यात दोरांनी बांधलेली जीप.]

म्हणून गाडी गावाला आली ती दुसऱ्या गाडीत बसून. वाटेवरच्या पोरांनी विचारलं, "नवी हाय का जुनी?" भाच्याला उत्तर सुचलं नाही.

[ओढा. पाणी हबच्या वर.]

मागे सात पाट्या शेणखत. लो रेशो. पहिला गिअर थांबून टाकला. गाडी ओढ्यात उतरली, मधोमध एकदा दगडावर अडली, पुढचं चाक हवेत गेलं, आणि मग मागच्या चाकांनी ढकललं. बाहेर पडताना मिस्त्रींनी ब्रेकवर पाय हलकेच ठेवून ओले ड्रम सुकवून घेतले. चढण चढायला चार मिनिटं लागली. मी शेजारून चालत होतो आणि पुढे निघून गेलो.

वर पोचल्यावर मालक शेणखत उतरवायला धावले. मिस्त्री गाडीखाली गेले. मागच्या गोळ्याचं बूच पान्यानं सैल केलं आणि तेलाचा एक थेंब बोटावर घेतला. दोन बोटांत चोळला, उजेडाला धरला.

"मामा, चहा झाला का?"

"न्हाई. काळंच हाय."

बूच पुन्हा घट्ट केलं. खाली घराजवळ, पुढच्या खेपेच्या पाट्या भरायला घेतल्या होत्या.