समेची वाट बघणारी माणसं

मंडळी, माणूस कुणाचा तरी एवढा वेडा फॅन का होतो यावर मला बोलायला सांगितलंय, तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नुसतं आवडणं वेगळं. ज्याच्यासाठी आपण ताटकळत बसलो ना, ते आपलं होतं.

मी कॉलेजात असताना पहिल्यांदा सवाईला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला गेले, तेव्हा तो रमणबागेत असायचा. बाबांनी सतरंजी आणि थर्मास हातात दिला आणि म्हणाले, जा, बस. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला एकताल चालू होता, त्याचं बारा मात्रांचं म्हणजे ठोक्यांचं एक आवर्तन, एक फेरा, पाऊण-एक मिनिट सहज चालतं, मला काही कळेना, डोळे मिटायला लागलेले. शेजारी एक आजोबा मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होते, ते हळूच म्हणाले, "अगं, माझ्या हाताकडे बघ." बाराव्या मात्रेला त्यांचा हात वर गेला आणि तसाच थांबला, गवई मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ घेऊन येतायत, आजूबाजूचे आणखी चार हात हवेत, आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर तो हात मांडीवर पडला तेव्हा अख्ख्या मांडवातून एकदम "आहा" निघालं. माझ्याही तोंडून. राग कुठला होता ते नंतर कळलं, फॅन मी तिथेच झाले.

2011 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदू तपासला. काटा येतो त्या क्षणी डोपामिन हे मेंदूतलं रसायन वाढतंच, पण आता येणार, आता येणार असं वाटतं ना, तेव्हाही ते मेंदूच्या दुसऱ्या एका भागात वाढलेलं दिसलं. म्हणजे आजोबांचा हात हवेत होता तोही आनंदच होता! फक्त त्यासाठी सम कुठेय हे माहीत पाहिजे, नवख्या माणसाला कंटाळा येतो तो म्हणूनच.

क्रिकेटचंही तेच. 19 ऑक्टोबर 2023, पुण्याजवळचं गहुंजेचं स्टेडियम, बांगलादेशशी वनडे मॅच, आपण जिंकल्यातच जमा होतो पण कोहलीचं शतक व्हायचं होतं, म्हणून समोरचा के. एल. राहुल सिंगल घ्यायला नाही म्हणत होता आणि स्टँडमध्ये आम्ही सगळे देवाला सांगतोय की मॅच एवढ्यात संपू देऊ नको. कोहली 97 वर होता, सिक्स मारला, शतकही झालं आणि मॅचही जिंकली. शेजारच्या अनोळखी काकूंनी मला घट्ट मिठी मारली.

याउलट 29 फेब्रुवारी 1996 ला आपल्याच नेहरू स्टेडियमवर केनियानं वेस्ट इंडीजला 93 रनांत गुंडाळलं. केवढा मोठा पराक्रम, आणि तोही आपल्या गावात! पण मला तरी पुण्यात आजपर्यंत केनियाचा फॅन भेटलेला नाही, कारण केनियाच्या विजयाची इथे कुणी वाटच बघितली नव्हती.

सवाई गंधर्व गेले 1952 मध्ये आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी गुरूच्या आठवणीत हा महोत्सव सुरू केला. शेवटी सवाई गंधर्वांचीच जुनी रेकॉर्ड लावतात. लोक सतरंज्या गुंडाळत असतात, पायात चपला सरकवत असतात, तो खरखरता आवाज सुरू झाला की आहेत तिथेच थांबतात, आणि सम यायच्या जरा आधी बघा, कुणाचा तरी हात वर गेलेला असतो.