स्त्री-जननेंद्रियांचे छेदन : लग्नाची अट आणि एकत्रित नकार

श्रोतेहो, नमस्कार. मुलींच्या बाह्य जननेंद्रियांचा काही किंवा सगळा भाग कोणत्याही वैद्यकीय कारणाशिवाय कापून टाकण्याच्या प्रथेविषयी आज बोलायचे आहे. विषय ऐकायला जड आहे, आणि घरात लहान मुले असतील तर रेडिओचा आवाज कमी करावासा वाटेल. पण ज्यांच्यावर ही क्रिया केली जाते त्यांच्यातल्या बहुतेकजणी त्याच लहान वयाच्या असतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

युनिसेफने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार आज हयात असलेल्या २३ कोटींहून अधिक स्त्रिया आणि मुली या प्रथेतून गेलेल्या आहेत. त्यांपैकी १४ कोटींहून अधिक आफ्रिकेत, सुमारे ८ कोटी आशियात आणि ६० लाख मध्यपूर्वेत आहेत. सोमालियात १५ ते ४९ या वयोगटातली क्वचितच एखादी स्त्री यातून सुटलेली आढळते, तर त्याच पूर्व आफ्रिकेतल्या युगांडात हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. जागतिक आरोग्य संघटना या प्रथेचे चार प्रकार मानते. पहिल्यात शिश्निका, म्हणजे क्लिटॉरिस, हिचा बाहेर दिसणारा भाग किंवा नुसते तिच्यावरचे त्वचेचे आवरण कापतात. दुसऱ्यात त्यासोबत आतले भगोष्ठ, म्हणजे योनिमुखाच्या दोन्ही बाजूंच्या ओठांसारख्या घड्या, हेही जातात. तिसऱ्या प्रकारात भगोष्ठ कापून त्यांच्या कडा एकमेकींना जोडतात किंवा शिवतात आणि लघवी व पाळीचे रक्त बाहेर पडण्यापुरते छिद्र तेवढे ठेवतात. टोचणे, चिरणे, डागणे वगैरे बाकीच्या गोष्टी चौथ्या प्रकारात मोडतात.

यातून आरोग्याला होणारा लाभ एकही नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि असह्य वेदना हे तात्काळचे परिणाम. लघवीचा त्रास, व्रणांच्या गाठी, संभोगातल्या वेदना आणि मनावर राहणारी दहशत हे पुढच्या आयुष्यातले. जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतल्या सहा देशांमधल्या २८ प्रसूतिकेंद्रांत २८,३९३ बाळंतिणींची पाहणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ही जखम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते हे आकड्यांतच दिसले: तिसऱ्या प्रकारचे छेदन झालेल्या मातांच्या बाळांना जन्माच्या सुमारास दगावण्याचा धोका छेदन न झालेल्या मातांच्या बाळांच्या तुलनेत ५५ टक्क्यांनी अधिक होता.

इतके सगळे असूनही मुलीला या क्रियेसाठी घेऊन कोण जाते, तर बहुधा तिची आई, आजी किंवा मावशी. आणि पाते हाती धरणारीही बहुतेक ठिकाणी स्त्रीच असते. मुलीचा दुस्वास करणाऱ्या या बायका नव्हेत. न कापलेली मुलगी अस्वच्छ, अनावर, लग्नाला अपात्र समजली जाईल आणि जन्मभर तिला कोणी आपले म्हणणार नाही, ही भीती त्यांना असते, आणि ज्या समाजात लग्नावाचून स्त्रीला जमीन, घर किंवा मान मिळत नाही तिथे ही भीती वेडगळ म्हणता येत नाही. लंडनमध्ये इसवी सनापूर्वी १६३ सालातला, इजिप्तच्या मेम्फिसमधला एक ग्रीक पपायरस जतन केलेला आहे. आपल्याकडे ठेवलेले पैसे एका बाईने फसवून नेल्याची तक्रार त्यात एकाने केली आहे. आपली मुलगी इजिप्ती रिवाजाप्रमाणे सुंता करण्याच्या वयाची झाली आहे, तिला वस्त्रे घ्यायची आहेत आणि हुंडाही द्यायचा आहे, असे सांगून त्या मातेने १,३०० द्राख्मा मागितले होते. सुंता आणि हुंडा एकाच वाक्यात आलेले हे जवळपास बावीस शतकांपूर्वीचे कागदपत्र मला या प्रथेवरच्या कित्येक ग्रंथांहून अधिक बोलके वाटते. त्यात इस्लाम नाही आणि ख्रिस्ती धर्मही नाही, कारण तेव्हा दोन्ही जन्मालाच यायचे होते.

धर्माचा उल्लेख झालाच आहे तर एवढे सांगून पुढे जाऊ, की कुराणात या क्रियेचा उल्लेख नाही, इजिप्तमध्ये मुसलमानांप्रमाणेच कॉप्टिक ख्रिस्ती कुटुंबांतही ती चालत आली आहे, आणि इथिओपियातल्या ज्यूंमध्येही ती होती, ती त्यांनी इस्रायलमध्ये स्थलांतर केल्यावर सोडून दिली. धर्माज्ञा म्हणून ती पाळणारे खूप आहेत, पण धर्म बदलल्याने ती बदलत नाही आणि गाव बदलल्याने मात्र कधी कधी बदलते, हे विचारात घेण्यासारखे आहे.

बाहेरून आलेल्या बंदीचा अनुभव तर फारच उलटा आहे. १९२९ मध्ये केनियातल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपल्या चर्चमधल्या किकुयू लोकांकडून प्रथा सोडल्याची ग्वाही मागितली, तेव्हा हजारोंनी चर्च सोडले, स्वतःच्या शाळा काढल्या, आणि मुलींची सुंता हा वसाहतवादाविरुद्धच्या अस्मितेचा प्रश्न होऊन बसला. १९४६ मध्ये सुदानात इंग्रज सरकारने तिसऱ्या प्रकारावर बंदी घातली आणि रुफाआ गावात एका सुईणीच्या अटकेवरून दंगल उसळली. १९५६ मध्ये केनियाच्या मेरू भागात स्थानिक पुरुषांच्या वडीलधाऱ्या मंडळाने बंदी जाहीर केली, तर किशोरवयीन मुलींनी ब्लेड घेऊन एकमेकींची सुंता केली. ज्यांना वाचवायचे त्याच मुली ‘आमची आम्हीच करू’ म्हणून पुढे आल्या, ही गोष्ट नुसत्या कायद्यावर विसंबणाऱ्यांनी कधीच विसरू नये. पाते जाईल, पण ‘बाई’ होण्याचा मान कशाने मिळेल, या प्रश्नाला बंदी घालणाऱ्यांकडे उत्तर नव्हते.

उत्तराचा एक धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला. चीनमध्ये सुमारे हजार वर्षे मुलींची पावले बांधून ती लहान ठेवली जात होती. तिथेही आयाच बांधत, तिथेही कारण लग्न हेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे अशा संस्था निघाल्या ज्यांचे सभासद दोन शपथा एकत्र घेत: आपल्या मुलींची पावले बांधणार नाही, आणि पावले बांधलेल्या मुलीशी मुलाचे लग्न लावणार नाही. दुसऱ्या शपथेने पहिलीचा धोका काढून घेतला, आणि हजार वर्षांची प्रथा जेमतेम एका पिढीत मोडीत निघाली. अमेरिकन अभ्यासक गेरी मॅकी यांनी १९९६ मध्ये या दोन प्रथांची तुलना करून असे मांडले की प्रत्येक कुटुंब दुसऱ्या कुटुंबाकडे पाहून वागत असते, म्हणून एकट्याने प्रथा सोडणाऱ्याची मुलगी घरी राहते, आणि पुरेशा कुटुंबांनी मिळून सोडली तर कोणाचीच राहत नाही.

सेनेगलमधल्या बायकांना हे कोणा अभ्यासकाने शिकवावे लागले नाही. तोस्तान या संस्थेच्या वर्गांत आरोग्य आणि हक्कांविषयी शिकलेल्या मालिकुंडा बाम्बारा गावच्या स्त्रियांनी ३१ जुलै १९९७ रोजी प्रथा सोडल्याचे जाहीर केले, तेव्हा आसपासच्या गावांनी त्यांना दूषणे दिली. त्या वेळी केर सिंबारा गावचे वयोवृद्ध इमाम देंबा जावारा यांनी मार्मिक गोष्ट सांगितली: आमच्या सोयरिकी दहा गावांत होतात, त्यांना विचारल्याशिवाय आम्ही एकटे ठरवू शकत नाही. मग ते स्वतः पायी गावोगाव नातेवाइकांकडे गेले, आणि १९९८ मध्ये अनेक गावांनी मिळून जाहीर प्रतिज्ञा केली. हा मार्ग आदर्श वाटतो, पण त्याची मर्यादाही सांगायला हवी. सेनेगलने १९९९ मध्ये कायदाही केला, हजारो गावांनी प्रतिज्ञा केल्या, तरी आजही तिथल्या प्रौढ स्त्रियांमध्ये हे प्रमाण एक पंचमांश ते एक चतुर्थांश आहे. जाहीर शपथ आणि बंद दारामागचे वर्तन यांत अंतर राहू शकते.

याच्या उलटही घडते, आणि ते मला अधिक आशादायक वाटते. गिनी, सिएरा लिओन आणि चाड या देशांत प्रथा बंद व्हावी असे म्हणणाऱ्या पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा लक्षणीय अधिक असल्याचे युनिसेफने २०१३ मध्ये नोंदवले. म्हणजे पुरुषांना हवे म्हणून आया मुलींना कापतात, आणि त्यांतल्या कित्येक पुरुषांना ते नकोच असते. फक्त नवरा-बायको या विषयावर आपसांत कधी बोललेले नसतात.

आता डॉक्टरांकडे वळू. इजिप्तमध्ये गेल्या काही दशकांत ही क्रिया दायांकडून डॉक्टरांकडे गेली. भूल आणि निर्जंतुक हत्यारे आली, पालकांना वाटले की आता धोका उरला नाही. पण २००७ मध्ये अशाच एका दवाखान्यात बारा वर्षांची मुलगी दगावली आणि देश हादरला. २००८ मध्ये तिथे कायदा झाला, २०१६ आणि २०२१ मध्ये शिक्षा वाढवल्या गेल्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने एप्रिल २०१० मध्ये असे सुचवून पाहिले की मोठी हानी टाळण्यासाठी डॉक्टरांना फक्त प्रतीकात्मक टोचणी देण्याची मुभा असावी, आणि जोराचा विरोध झाल्यावर महिन्याभरातच माघार घेतली. अकादमीचा हेतू बरा होता. परंतु डॉक्टरने एकदा पांढरा कोट घालून हात लावला की मुलीच्या देहात काहीतरी दुरुस्त करण्याजोगे आहे यावर शिक्कामोर्तब होते, आणि मूळ गैरसमज तोच तर आहे.

भारतात ही प्रथा मुख्यतः दाऊदी बोहरा समाजात आहे. मुलगी साधारण सात वर्षांची झाली की शिश्निकेवरच्या त्वचेचा लहान भाग कापला जातो. याला खफ्द किंवा खतना म्हणतात. समाजातल्याच स्त्रियांनी आपले अनुभव गेल्या दशकात उघडपणे मांडायला सुरुवात केली, तर त्याच समाजातल्या दुसऱ्या स्त्रिया ही निरुपद्रवी धार्मिक क्रिया असल्याचे सांगून तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका आली, २०१८ मध्ये ती मोठ्या पीठाकडे सोपवली गेली. या प्रथेसाठी वेगळा कायदा भारतात नाही. ‘इतकेसे कापल्याने काय होते’ या युक्तिवादाला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने २०१९ मध्ये उत्तर दिले: मुलीच्या जननेंद्रियाला अशी छोटीशी चीर देणेही तिथल्या कायद्याने गुन्हाच ठरते. मला हे उत्तर पटते, कारण प्रश्न किती कापले याचा नसून सात वर्षांच्या मुलीच्या देहावर कोणाचा अधिकार, याचा आहे.

हे सारे दूरच्या अडाणी लोकांचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. लंडनचे नावाजलेले शल्यविशारद आयझॅक बेकर ब्राऊन हिस्टेरिया आणि अपस्मारावरचा उपाय म्हणून स्त्रियांची शिश्निका कापत, आणि १८६६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पुढच्याच वर्षी तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने त्यांना काढून टाकले, पण आरोपाचा भर रुग्ण आणि कुटुंबीयांना नीट न कळवता शस्त्रक्रिया केल्यावर होता. त्या अवयवाची पूर्ण रचना शरीरात किती खोलवर पसरलेली आहे हे ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये नीट दाखवेपर्यंत बहुतेक पाठ्यपुस्तके तिला एका ठिपक्यात उरकत होती. आणि आज श्रीमंत देशांतल्या निरोगी स्त्रिया भगोष्ठ लहान करून घेण्यासाठी पैसे मोजतात, काही तर वयाने मुलीच असतात.

या दोन गोष्टी एकच आहेत, असे मी म्हणणार नाही. प्रौढ स्त्री स्वतः ठरवते, दवाखाना निवडते, नको म्हणू शकते. दोघी-तिघींनी धरून ठेवलेल्या बालिकेला यातले काहीच उपलब्ध नसते. केनियाच्या उच्च न्यायालयापुढे एका डॉक्टर महिलेने प्रौढ स्त्रीला सुंतेचे स्वातंत्र्य असावे अशी मागणी केली, ती मार्च २०२१ मध्ये फेटाळली गेली, कारण जिथे नकाराची किंमत बहिष्कार आहे तिथे होकार कितपत मोकळा, अशी शंका रास्त आहे. तीच शंका आरशासमोर उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या स्त्रीबद्दल आपण क्वचितच घेतो, एवढीच माझी नोंद.

बदल कुठे घडला हे पाहायचे तर बुर्किना फासोकडे पाहावे. तिथे १९९६ मध्ये कायदा झाला, तक्रारीसाठी दूरध्वनीची सोय झाली, गावोगाव सुनावण्या झाल्या आणि जोडीला लोकांशी संवादही चालू राहिला. गेल्या तीन दशकांत १५ ते १९ वयाच्या मुलींमधले प्रमाण ८२ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आले. गाम्बियात २०१५ ची बंदी उठवण्याचे विधेयक जुलै २०२४ मध्ये संसदेने फेटाळले, पण ते मांडले गेले होते, हेही खरे. काही देशांत क्रिया आता पाच वर्षांच्या आतच उरकली जाते, म्हणजे शाळेतल्या शिक्षिकेला किंवा आरोग्यसेविकेला कळण्याआधीच. आणि ज्या २३ कोटींवर ती होऊन गेली आहे, त्यांच्यातल्या तिसऱ्या प्रकारचे छेदन झालेल्या स्त्रियांना बाळंतपणाआधी टाके उघडून देणाऱ्या, आणि बाळंतपणानंतर पुन्हा शिवून द्या असा घरच्यांचा आग्रह आला तर नाही म्हणू शकणाऱ्या प्रशिक्षित सुईणी हव्या आहेत. सुदानात पुन्हा शिवण्याचे वेगळे पैसे सुईणीला मिळत आले आहेत, तेव्हा तिने नाही म्हणावे यासाठी तिचा पगारही वेळेवर व्हायला हवा.

नमस्कार.