पाच सेकंदांचा खेळ

(दृश्य: सकाळचा ट्रॅक. गवतावर दव. दोन तिपाया, त्यांवर वेळ मोजणारी मुठीएवढी यंत्रं.)

अमेरिकेतल्या एका हायस्कूलची पहिली घंटा व्हायला अजून वेळ आहे. या दोन तिपायांमधलं अंतर बरोबर १० मीटर. पलीकडून, २५ मीटर मागून, शाळेच्या फुटबॉल संघातला एक मुलगा सुटतो. यंत्रांपर्यंत पोचतो तेव्हा तो पूर्ण वेगात असतो. सप्पकन मधून जातो आणि पुढे हळूहळू थांबतो. कोच हातातल्या स्क्रीनवर बघून आकडा ओरडतो, "एक पूर्णांक शून्य नऊ!" एवढ्या सेकंदांत दहा मीटर, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर.

आणि मग हा पठ्ठ्या काय करतो? गवतावर जाऊन फतकल मारून बसतो. चांगली चार मिनिटं. कुणी त्याच्यावर खेकसत नाही. उलट तो लवकर उठायला लागला तर कोचच म्हणतो, "बस खाली. तुझी पाळी आली की सांगतो."

आपल्यापैकी ज्यांनी शाळेत पीटीच्या सरांकडून 'मैदानाला दहा फेऱ्या' ऐकलंय, त्यांना हे बघून जरा चुटपुट लागेल. ही प्रॅक्टिस आहे की सुट्टी?

(दृश्य: शुक्रवारची रात्र, दिव्यांनी उजळलेलं मैदान, बँड, गच्च भरलेल्या पायऱ्या.)

आधी एक खुलासा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमी ज्यासाठी जीव टाकतात तो फुटबॉल वेगळा. हा अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर कवच, एका बाजूला ११ जण. अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये दहा लाखांहून जास्त मुलं हा खेळतात, आणि गावोगावी शुक्रवारची रात्र त्याच्याच नावावर असते.

चेंडू हलला की सगळे तुटून पडतात. कुणी धावतो, कुणी ढकलतो, कुणी आडवा होतो. शिट्टी. संपलं. पाच-सहा सेकंद! मग पुन्हा सगळ्यांनी घोळका करायचा, पुढची चाल ठरवायची, रांगेत उभं राहायचं. यात अर्धा मिनिट सहज जातो. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये व्यावसायिक सामने घड्याळ लावून मोजले, तेव्हा तीन तासांच्या खेळात चेंडू प्रत्यक्ष हलता होता तो जेमतेम ११ मिनिटं.

म्हणजे हा दमसासाचा कमी आणि झेपेचा जास्त खेळ. तरीही पिढ्यान् पिढ्या त्याची तयारी लांब पल्ल्याच्या धावपटूसारखी होत आली. 'गॅसर' हा शब्द तिथल्या कुठल्याही माजी खेळाडूसमोर काढा, चेहरा बघण्यासारखा होतो. मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला, परत, पुन्हा तिकडे, पुन्हा परत. जवळपास २०० मीटर झाले की एक गॅसर. असे कितीतरी, आणि तेही सराव संपल्यावर. कुणी चूक केली तर सगळ्यांना.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. टेक्सासचं रखरखीत माळरान.)

या पंथाची दंतकथा १९५४ ची. टेक्सास ए अँड एम कॉलेजचे नवे कोच बेअर ब्रायंट यांनी आपला संघ जंक्शन नावाच्या गावी नेला. दुष्काळ, मरणाचं ऊन, आणि सरावात पाणी प्यायला बंदी. पाणी पिणं म्हणजे नाजूकपणा! रात्री-अपरात्री मुलं सामान उचलून पळून गेली. जी टिकली त्यांचे पोवाडे आजही गायले जातात. त्या वर्षी हा संघ दहांपैकी एकच सामना जिंकला, हे मात्र पोवाड्यात हळू आवाजात येतं. दोन वर्षांनी तोच संघ अजिंक्य ठरला, तेही खरं. पण त्याचं श्रेय तहानेला द्यायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

२००१ च्या उन्हाळ्यात मिनेसोटा वायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर सरावात उष्माघाताने कोसळला आणि १ ऑगस्टला गेला. धडधाकट, व्यावसायिक खेळाडू. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात आज एक संस्था चालते. ती शाळांना सांगते, ऊन मोजा, पाणी द्या, थांबा.

(दृश्य: शिकागोच्या नैऋत्येची उपनगरं. रुंद रस्ते, शाळेच्या पिवळ्या बस.)

टोनी हॉलर हे ट्रॅकचे कोच, पुढे इथल्या, इलिनॉयमधल्या प्लेनफील्ड नॉर्थ हायस्कूलमध्ये आले. पेशाने रसायनशास्त्राचे शिक्षक. अनेक वर्षं त्यांनीही मुलांना रीतसर दमवलं. पण त्यांच्या तेव्हाच्या शाळेतली खरी चपळ पोरं, म्हणजे फुटबॉल आणि बास्केटबॉलवाली, ट्रॅककडे फिरकायची नाहीत. लांब लांब धावायचा त्यांना वैताग. १९९०च्या दशकाच्या शेवटाला हॉलर यांनी उलटा विचार केला आणि त्याला नाव दिलं: 'फीड द कॅट्स', म्हणजे मांजरांना खाऊ घाला.

मांजर दिवसभर लोळतं. पण उंदीर दिसला की झेप अशी घेतं की आपल्याला दिसतही नाही. त्याला कुणी सकाळी पाच किलोमीटर पळवत नाही.

पद्धत अगदी साधी, म्हणून कित्येकांना अजून पटत नाही. ताजंतवानं असताना जीव खाऊन धावायचं, दोन-तीनदाच. दर वेळी घड्याळ लावायचं. आकडा लिहायचा, क्रम लावायचा आणि सगळ्या जगाला दाखवायचा. उद्याच्या सरावाची वाट लागेल इतकं आज करायचं नाही.

(दृश्य: अतिसंथ गतीत एक पाऊल जमिनीला टेकतं.)

यामागचं शरीरशास्त्र कोड्यात टाकणारं नाही. स्नायूत साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट झेपेचं इंधन पुरवतं, आणि तो साठा काही सेकंदांतच आटतो. अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरून येतो, बाकीचा भरायला काही मिनिटं लागतात. आता कळलं तो मुलगा गवतावर का बसला होता? दुसऱ्या मिनिटाला उठवला असता तर तोही पळाला असता, पण हळू. आणि हळू पळण्याचा सराव केला की हळू पळणं पक्कं होतं.

धावण्याचा अभ्यास करणारे संशोधक पीटर वेयांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिलं की वेगवान माणूस पाय हवेत फार भरभर फिरवतो असं नाही. तो जमिनीला जास्त जोराने रेटतो, आणि तेही कमी वेळात. पूर्ण वेगात असलेल्या धावपटूचं पाऊल जमिनीवर टेकतं ते सेकंदाचा दहावा भाग. एवढ्याशा वेळात सगळा जोर लावायचा, तर मज्जासंस्था तल्लख हवी. दमलेल्या पायांना ते जमत नाही.

इथे शंका घेणारे विचारतात, आणि बरोबर विचारतात: अहो, फुटबॉलमध्ये पूर्ण वेग गाठायला जागाच कुठे मिळते? बहुतेक धावा १०-१५ यार्डांच्या! त्यावर ही पद्धत फुटबॉलमध्ये वापरणाऱ्या कोचांचं उत्तर असं की छत उंच केलं की खोलीतला प्रत्येक माळा उंच होतो. ज्याचा कमाल वेग जास्त, त्याला निम्म्या वेगात धावणं स्वस्त पडतं. सामन्याच्या शेवटच्या, चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्याकडे शिल्लक उरते.

(दृश्य: टोकियो १९६४. बॉब हेज अंतिम रेषा ओलांडतो.)

वेगाचं मोल कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. बॉब हेजने टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण घेतलं आणि पुढच्याच वर्षी तो डॅलस काउबॉइज या व्यावसायिक फुटबॉल संघाकडून खेळायला उतरला. एकट्या बचावपटूला तो आवरेना. पण त्यातून कोचांनी धडा घेतला तो असा: वेग देवदत्त असतो, तेव्हा वेगवान पोरं शोधा. कॉलेजला ते परवडतं, देशभरातून निवडता येतात. हायस्कूलला कुठलं? आजूबाजूच्या घरांतून जी पोरं येतील तीच आपली. त्यांनाच वेगवान करायचं.

घड्याळ मात्र खरं हवं. अमेरिकेतल्या प्रत्येक पोराला आपली ४० यार्डांची वेळ पाठ असते, आणि ती बहुधा मामाने स्टॉपवॉच दाबून घेतलेली असते. हाताने घेतलेली वेळ यंत्रापेक्षा साधारण पाव सेकंदाने गोड येते. तिपायांवरची यंत्रं मामा नसतात.

एक गोष्ट मला खटकते, ती सांगितलीच पाहिजे. टकरीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग २० टक्के वाढला तर टक्कर ४४ टक्क्यांनी जड होते. सोळा वर्षांच्या मुलांची डोकी त्या हेल्मेटमध्ये असतात. वेग वाढवणाऱ्या कोचने टक्कर कशी द्यायची हे तितक्याच निगुतीने शिकवायला हवं, आणि आठवड्यातल्या टकरी मोजायला हव्यात. सगळे मोजतात असं दिसत नाही.

(दृश्य: व्यायामशाळेची भिंत. छापील यादी, चार खिळे.)

सराव संपलाय. यादी लागली. भिंतीपाशी झुंबड. वरच्या नावांकडे सगळ्यांचं लक्ष, पण हा मागे उभा असलेला आडदांड मुलगा बघा. वजन १२० किलोच्या आसपास. याचं काम समोरच्याला रोखायचं, त्याच्या वाट्याला मैदानाचे पाच यार्ड येतात. वर्षानुवर्षं गॅसरमध्ये सगळ्यात शेवटी पोचणारा आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा हाच.

तो बोटाने खालून वर मोजत जातो. गेल्या आठवड्यात १.३१. आज १.२९.

खिशातून फोन काढतो, त्या एका ओळीचा फोटो घेतो, आणि वर्गाकडे निघतो. चालत.