अण्णांची चौथी मात्रा

(दृश्य: नाशिकरोड, सकाळची वेळ. जिन्याचा कठडा धरून सावकाश उतरणारा एक हात.)

जीबीएस हे नाव २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या बातम्यांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. नाशिकरोडच्या या घरात ते त्याआधीच येऊन गेलं होतं. गुलेन-बॅरे सिंड्रोम. एवढं लांबलचक नाव इथे कुणी घेत नाही. अण्णांच्या पत्नी, काकू, नुसतं म्हणतात, "ते दुखणं."

आधी पोट बिघडलं होतं. औषध घेतलं, बरं वाटलं, विषय संपला. मग एका सकाळी फिरून परत येताना एका पायातली चप्पल वाटेत राहिली आणि अण्णांना ते घरी आल्यावर कळलं. संध्याकाळी जिना चढवेना. दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातातून सुटला.

हा आजार बहुतेकदा असाच येतो. पोटाचा नाहीतर घशाचा एखादा संसर्ग होतो, शरीर त्याच्याशी लढतं, आणि लढता लढता आपल्याच नसांवर उलटतं. नसांभोवती मायलिन नावाचं आवरण असतं. ते खराब झालं की मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत धड पोचत नाही. अशक्तपणा पायांपासून सुरू होतो आणि वर चढतो. छातीपर्यंत पोचला तर श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागतो. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच हा आजार होतो.

अण्णा त्या एखाद-दुसऱ्यांत निघाले.

(दृश्य: भांडी बाजार. तांब्या-पितळेच्या चळती. मागे तबला लावल्याचा ठोका.)

अण्णांची नोकरी प्रेसमधली. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं, कुठली ते कुणी विचारत नाही. नोटा आणि मुद्रांक छापणारे सरकारी छापखाने इथे १९२० च्या दशकापासून आहेत आणि अर्ध्या गावाचे संसार त्यांवर उभे राहिलेत. पण जुन्या नाशकात त्यांची ओळख वेगळी आहे. तिथे ते शनिवारचे तबलजी.

भांडी बाजाराच्या मागच्या अंगाला एका वाड्याच्या माडीवर दर शनिवारी गाण्याची बैठक भरते. तिकीट नाही, ध्वनिक्षेपक नाही. पेटीवर औषधांच्या दुकानाचे मालक. गायला बाई, म्हणजे शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या बाई; त्यांचं नाव घेऊन बोलवायची कुणाची हिंमत नाही. समोर सात-आठ श्रोते, त्यांतले दोन विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, संपेपर्यंत भिंतीला टेकून झोपलेले असतात. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की खालचे दुकानदार माल वर आणून ठेवतात, मग सतरंजीच्या कडेने हंडे-पातेल्यांच्या रांगा लागतात. तानपुरा चांगला लागला असेल तर त्यातली एखादी कळशी आपोआप घुमते. बाईंना ते आवडत नाही. अण्णांना फार आवडतं.

नदीपलीकडे पंचवटी. आयुष्याच्या उत्तरार्धात विष्णु दिगंबर पलुस्कर तिथे येऊन राहिले. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले, शाळा सुटली, म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले, आणि पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. नाशकातला गाणंवेडा माणूस आजाऱ्याला भेटायला गेला की ही गोष्ट ऐकवतोच. अण्णांना ती इतक्यांनी ऐकवली की शेवटी ते म्हणाले, "त्यांचे डोळे अधू झाले, गळा शाबूत होता. माझी बोटंच गेलीत."

त्याच घरातली दुसरी गोष्ट मात्र आजाऱ्यापुढे कुणी काढत नाही. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर, सगळ्यांचे बापूराव, १९५५ साली मेंदूच्या तापाने गेले. वय ३४.

(दृश्य: दवाखान्याचा रिकामा कॉरिडॉर. व्हेंटिलेटरचा आवाज, ठरावीक अंतराने.)

या आजारात माणूस शुद्धीवर असतो. हात हलत नाही, पाय हलत नाही, घशात नळी असल्यामुळे बोलता येत नाही, आणि कळत मात्र सगळं असतं. अण्णा त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाहीत. एक गोष्ट तेवढी हसत सांगतात. व्हेंटिलेटरचा श्वास ठरावीक लयीत चालतो. ते त्या श्वासांवर ताल मोजायचे, सम म्हणजे पहिल्या मात्रेपासून. आधी तीनताल, मग झपताल, मग कंटाळा आला म्हणून साडेनऊ मात्रांचं काहीतरी स्वतःच रचलेलं. "यंत्र लयीला पक्कं होतं," ते म्हणतात. "पण मध्येच अलार्म वाजायचा आणि सम हुकायची. सिस्टर अलार्म बंद करायला यायच्या आणि माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून विचारायच्या, दुखतंय का?"

इम्युनोग्लोब्युलिन पाच दिवस शिरेतून दिलं गेलं. हळूहळू नळी निघाली. आवाज आला, बसता आलं. डॉक्टर रोज येऊन गुडघ्यावर छोटी हातोडी मारायचे आणि पाय उडतो का बघायचे. पाय उडत नव्हता. अण्णांचं लक्ष हातोडीकडे. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते आपल्या हातोडीबद्दल, तबला लावायच्या. काकूंनी ती ओट्याखाली ठेवली होती. नारळ फोडायला बरी पडते म्हणून.

या आजाराचा उतार बहुधा उलट्या दिशेने होतो. पायांपासून वर चढलेला अशक्तपणा ओसरतो तेव्हा खांदे आधी मोकळे होतात, मग कोपर, मग मनगट. बोटं शेवटी. त्यामुळे अण्णांच्या घरी आधी डग्गा परत आला. डग्ग्याच्या कातड्यावर मनगट टेकवून थोडं पुढे सरकवलं की जो खोल, वळणारा आवाज निघतो, तो त्यांना काढता येऊ लागला. उजव्या हाताखालचा तबला गप्प. तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, पडायची, पण उठायला उशीर करायची, आणि बोट वेळेवर उठलं नाही तर 'ना' वाजत नाही, थप् होतं.

फिजिओथेरपीला एक मुलगी यायची. कपड्याचे चिमटे दाबायचे, शर्टाची बटणं लावायची-काढायची, ताटातले राजमे एकेक करून वाटीत टाकायचे. पंधरा मिनिटं झाली की ती म्हणायची, "आता थांबा काका." अण्णांचा जन्म ज्या विद्येत गेला तिथे कुणी 'थांबा' म्हणत नाही. तबल्याच्या घराण्यांत चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या गोष्टी सांगतात, बोटं सुजेपर्यंतचा रियाज अभिमानाने सांगतात. इथे उलटं. नस सावरत असताना स्नायू थकवला तर दोन दिवस मागे जायला होतं. अण्णांनी ऐकलं नाही. एका दुपारी काकू बाजारात गेल्या असताना त्यांनी दार लावून तासभर 'तेटे तेटे' घासलं, आणि पुढचे दोन दिवस त्यांना चमचा धरता आला नाही. काकूंनी तबल्याला चादर गुंडाळून वर टाकला. हे त्या आम्हाला सांगत होत्या तेव्हा अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते.

(दृश्य: मोबाईलचा स्टँड, समोर तबला-डग्गा. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका.)

बैठकीला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एक गोष्ट कळली होती. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवता येत नाही. आवाज जायला-यायला वेळ लागतो. हा उशीर ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात आणि लय घसरते, आणि कॉलवर तो याच्या कितीतरी पुढे असतो. म्हणून तेव्हा पेटीवाले लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी पुन्हा पुन्हा येणारी धून, वाजवून पाठवायचे, अण्णा त्यावर वाजवायचे, आणि शनिवारी सगळे ते ऐकायचे. आता अण्णांसाठी तीच वाट पुन्हा उघडली. पेटीवाल्यांनी अगदी संथ लेहरा पाठवला. चादर खाली आली. अण्णांनी चार आवर्तनं वाजवून परत पाठवली.

उत्तरं लगेच आली. वा! क्या बात! हात जोडलेली चित्रं, फुलं, गुच्छ. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी अण्णांच्या हातून सम चक्क चुकली. तरी वा, क्या बात, गुच्छ.

चौथ्या शनिवारी त्यांनी काही पाठवलं नाही. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "फोटोला हार घालतात तशी दाद देतायत सगळे."

मला हे वाक्य कठोर वाटलं. मंडळी चांगली आहेत, रोज एकजण डबा घेऊन यायचा, औषधं दुकानातून घरपोच यायची. आजारातून उठलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पण त्या रेकॉर्डिंगा आम्ही ऐकल्या. अण्णांचं म्हणणं खरं होतं. तिसरं रेकॉर्डिंग वाईट होतं, आणि ते वाईट आहे हे त्या गटात सगळ्यांत आधी त्यांना कळत होतं.

(दृश्य: वाड्याचा अंधारा जिना. कठड्याच्या जागी लोंबणारा जाड दोर.)

अखेर थंडी सरल्यावर ते स्वतःच आले. रिक्षा भांडी बाजाराच्या तोंडापर्यंत. पुढे काठी. जुन्या वाड्याचा जिना उभा, धरायला दोर. खुर्चीत बसवून वर नेतो म्हणणाऱ्या दोघांना त्यांनी हाकललं आणि पायरीवर बसून, उलटं, एकेक पायरी वर सरकत गेले. खालून वर येणारे श्रोते मागे थांबून राहिले. मांडी घालता येत नव्हती, म्हणून तबला-डग्गा चौरंगावर आणि अण्णा स्टुलावर. सगळे खाली सतरंजीवर आणि आपण वर, हे त्यांना फार लागलं.

मधल्या काळात त्यांची जागा त्यांच्याच एका विद्यार्थ्याने सांभाळली होती. इंजिनिअरिंगचा पोरगा, गंगापूर रोडला राहतो. अण्णांना बघताच तो तबल्यासमोरून इतक्या घाईने उठला की चुंबळच सरकली. अण्णा म्हणाले, "अरे, उठतोस काय आग लागल्यासारखा?"

बाईंनी विलंबित एकताल घेतला. बारा मात्रा, एकेक मात्रा तीन-चार सेकंदांची. धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना, कत्, ता, धागे, तिरकिट, धिं, ना. दुखऱ्या हाताला हा ताल सोपा वाटेल; मोकळी जागा भरपूर, घाई नाही. पण चौथ्या आणि दहाव्या मात्रेला तिरकिट आहे. ति, मधलं बोट. र, पहिलं बोट. कि, डग्ग्यावर तळवा. ट, पुन्हा मधलं बोट. चार अक्षरं एका मात्रेत, तीही मोजून-मापून. अण्णांचं 'र' अजून कच्चं होतं. चौथी मात्रा जवळ आली की खोलीतले सगळे गाणं सोडून त्यांच्या उजव्या हाताकडे बघायचे, आणि कसंबसं तिरकिट निघालं की कुणीतरी हळूच म्हणायचं, "वा."

गाणाऱ्या बाई. आणि दाद चौथ्या मात्रेला. दोन-तीन शनिवार हे असंच चाललं.

मग एका शनिवारी बाई मध्येच थांबल्या. आलाप अर्धा, मुखडा, म्हणजे समेवर आणणारी ओळ, यायचा होता. तानपुरा चालू. त्या म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही पळताय."

खोलीत कुणी हललं नाही. पेटीवाल्यांनी भाता धरून ठेवला.

"तिरकिट झालं की तुम्ही सुटता," बाई म्हणाल्या. "पाचवी-सहावी मात्रा निम्म्यात उरकता. सम माझ्या अंगावर येते. मी गायचं कसं?"

अण्णांचा चेहरा लाल झाला. "मी पळत नाही. तुम्ही रेंगाळता. आलापात बसलात की तुम्हाला मात्रेचं भान राहत नाही, हे मी वीस वर्षं सांभाळून घेतोय."

"सांभाळून घेता?"

"विचारा यांना!"

पेटीवाल्यांनी दोन्ही हात वर केले. पोराने मोबाईल काढला, म्हणाला, रेकॉर्डिंग आहे, मोजून बघू. मोजलं. पाचवी आणि सहावी मात्रा खरंच आखूड होती. आणि त्या आधीच्या आवर्तनात, आलाप लांबल्यामुळे, बाई अकराव्या मात्रेला थबकल्या होत्या. दोघांनाही ते मान्य नव्हतं. भांडण चहा येईपर्यंत चाललं, चहा गार झाल्यावर परत चाललं, आणि त्या संध्याकाळी छोटा ख्याल झालाच नाही.

काकू सांगतात, त्या रात्री अण्णा घरी आले ते बडबडत. बाईंचं लयीचं अंग मुळातच कसं कच्चं आहे, यावर जेवण होईपर्यंत व्याख्यान. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सकाळी सहाला उठून, हलक्या हाताने, पाचव्या-सहाव्या मात्रेची पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, चालू. हातावर टाळी देत, तबल्याला हात न लावता. पंधरा मिनिटांनी स्वतःच थांबले.

(दृश्य: शनिवारची बैठक. दोन तबले शेजारी शेजारी.)

सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही. डाव्या तळपायाला अजून मुंग्या येतात, आणि थकवा येतो तो न सांगता येतो. हा आजार झालेल्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते. द्रुत, म्हणजे जलद लय, अण्णा वाजवत नाहीत. विलंबित त्यांचं, द्रुत पोराचं, असं ठरलंय. बडा ख्याल संपला की अण्णा स्टुलावरून हात बाजूला घेतात आणि खालून पोराचा तीनताल सुरू होतो. मग अण्णा ऐकत बसतात आणि प्रत्येक तिहाईनंतर त्याला काहीतरी सुनावतात. पोराची तक्रार अशी की आजारापूर्वी अण्णा इतकं बोलत नव्हते, तेव्हा त्यांचे हात गुंतलेले असायचे.

आम्ही चित्रीकरण आवरत होतो. सतरंजी गुंडाळली जात होती, तानपुऱ्याला गवसणी चढली होती. बाई पायांत चपला अडकवता अडकवता म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी तिलवाडा घेऊ."

अण्णा जिन्याच्या तोंडाशी, दोर हातात. ते वळले. "तिलवाड्यात तिरकिट दुसऱ्याच मात्रेला येतं."

"मला माहितीय कुठे येतं ते," बाई म्हणाल्या. "तुम्ही तयारी करून या."